रापणीचा दोर आणि रिकामी पेटी

समुद्राचं पाणी खारट असतं हे मला प्राथमिक शाळेपासून ठाऊक आहे. तरीही यंदाच्या मे महिन्यात, पन्नाशी उलटल्यावर, समुद्र पहिल्यांदा समोर आला तेव्हा मी चपला काढल्या, पायजमा गुडघ्यापर्यंत वर घेतला, ओंजळ भरली आणि खुशाल चूळ भरली. यात माझा दोष नाही, दोष कन्हान नदीचा. खाप्याला आमच्या मोठ्या भावाकडे गेलं की नदीवर उतरायचं, आधी तोंड धुवायचं, चूळ भरायची आणि मग बाकीचे उद्योग, ही लहानपणापासूनची सवय. पाणी दिसलं की हात आपोआप ओंजळ करतात, डोक्याला विचारत बसत नाहीत. वाळूवर जाळं दुरुस्त करत बसलेल्या माणसांनी मला थू थू करत माघारी पळताना पाहिलं, आणि नागपूरचे पाहुणे आल्याची बातमी मी पोचण्याआधीच घरी पोचली.

इतवारीत माझं सायकलचं दुकान आहे. पंक्चर काढून होईस्तोवर गिऱ्हाईक गप्प कसं बसणार? परत आल्यापासून जो तो विचारतो, "समुद्र कसा असते गा?" दर वेळी सांगून माझा घसा सुकला. म्हणून एकदाचं लिहून टाकतो. ज्यांना वाचायचं त्यांनी वाचावं, बाकीच्यांनी ट्यूब बदलून घ्यावी.

निघताना

आधी जाण्याचं कारण सांगतो, कारण आम्ही हवा खायला निघालो नव्हतो.

आमची एकुलती एक मुलगी सुमन, घरची सुमी. तिचा नवरा वसंत मूळचा मालवणकडचा. नोकरीसाठी नागपूरला आला, अमरावती रोडवर वाडीला एका ट्रान्सपोर्टच्या गोदामात लागला आणि तिथेच भाड्याच्या खोलीत राहू लागला. त्याची सायकल सारखी पंक्चर व्हायची. ट्रकच्या त्या रस्त्यावर खिळे पडलेले असतात हे खरं, पण पंक्चर काढायला कोणी वाडीहून इतवारीला येतं का? हा प्रश्न मला पडायला हवा होता. तो पडला माझ्या बायकोला, कौसल्येला, आणि तोवर पोरगा आणि पोरगी दोघं आपसात ठरवून मोकळे झाले होते. पोरगा गुणी होता. आम्ही नाकं मुरडायच्या भानगडीत न पडता लग्न लावून दिलं.

लग्नानंतर दोघं वाडीलाच राहिले. दर रविवारी जेवायला आमच्याकडे. मग गावी वसंतच्या वडिलांचा खांदा दुखावला. रापणीच्या मासेमारीत घरचा माणूस हवा म्हणून दोघं गेले, थोड्या दिवसांसाठी म्हणून. दिवाळी झाली, होळी झाली, तरी तिकडेच. रविवारी कौसल्या चौघांचा स्वयंपाक करायची आणि मग पातेल्यात बघत बसायची. माझंही काही वेगळं नव्हतं, फक्त मी पातेल्याऐवजी रस्त्याकडे बघायचो.

त्यात गोदामाचे मॅनेजर गुलाबराव माझे जुने गिऱ्हाईक. ते दुकानात येऊन म्हणाले, "जावयाची जागा म्या धरून ठेवली आहे गा. मृग लागायच्या आत आला तर त्याची. नाही तर मग दुसऱ्याले द्या लागन." आमचं ठरलं. जायचं आणि दोघांना घेऊनच यायचं.

सामान बांधताना पाहिलं तर एक मोठी लोखंडी पेटी दाराशी तयार. उचलून पाहिली, रिकामी.

"हे काहून घेऊन राहिली?" मी विचारलं.

"मंग सुमीचं सामान कशात आणसान? पदरात?"

तिचा बेत इतका पक्का होता. मी मात्र माझी बांबूची काठी, गरी आणि मोरपिसाचे तरंगते दांडे तेवढे गुंडाळून घेतले. पोरीला आणायला जातानाही मासे सोडायचे नाहीत, असा टोमणा मला ऐकावा लागला आणि मी तो ऐकून घेतला.

प्रवासाबद्दल एकच सांगतो. कोल्हापूर स्टेशनवर हमालाने त्या पेटीचा आकार पाहून कंबर कसली, दम धरला, देवाचं नाव घेतलं आणि सगळा जोर लावून उचलली. रिकामी पेटी वर गेली आणि हमाल मागे. तो उठून कपडे झटकत म्हणाला, "मावशी, वारा भरून नेताय काय?" कौसल्या जन्मभर त्याच्यावर नाराज राहणार आहे.

घाटाखाली

फोंडा घाट उतरला आणि अंगाला पाणी सुटलं. आमच्याकडे ऊन म्हणजे भट्टी. चटका बसतो, पण घाम सुकून तरी जातो. इथे ऊन त्या मानाने सौम्य आणि तरी माणूस वाफेवर ठेवलेल्या मोदकासारखा ओलाच्या ओला. कौसल्येने पोचल्या पोचल्या नागपुरी उपाय केला. खिडकीला चादर बांधली, तिच्यावर तांब्याने पाणी मारलं आणि खसच्या ताटीसारखी गार झुळूक यायची वाट पाहत समोर बसली. झुळूक आली नाही. चादर मात्र तीन दिवस वाळली नाही आणि तिला असा वास सुटला की विहीणबाईंनी ती गुपचूप काढून पुन्हा धुतली.

हे सगळं घरातलं झालं. त्याआधी स्टॅण्डवरची गंमत राहिली. आम्ही उतरलो तेव्हा आमची पोरगी पाठमोरी उभी राहून कंडक्टरशी भांडत होती. रंग उन्हाने दोन हात काळा झालेला, केसांत अबोली. आणि भांडत होती ती चक्क मालवणीत! "खंय ठेवलास माझ्या पावण्यांचा सामान?" कंडक्टर टपावर चढला आणि मुकाट्याने पेटी खाली दिली. तेवढ्यात मागून जावई पुढे आले, पाया पडले आणि म्हणाले, "या मामाजी. लय उशीर झाला जी, गाडी बिघडली होती काय?" मी कौसल्येकडे पाहिलं, तिने माझ्याकडे. वाडीच्या ट्रकवाल्यांत राहून पोरगा नागपुरी झाला होता आणि आमची पोरगी आमच्या हातातून निसटत होती. कौसल्येने पेटीची कडी घट्ट धरली.

घर समुद्राच्या अगदी जवळ, माडांमध्ये. वसंतचे वडील दाजीबा रापणीचे तांडेल, म्हणजे जाळं कधी, कुठे टाकायचं ते ठरवणारे. उंच, सडपातळ, आणि डोळे सतत बारीक केलेले. ते बोलत असले आपल्याशी तरी नजर पाण्यावर. माझी चूळ त्यांच्या कानावर आली होतीच.

"काय पावण्यांनु, आमचा पाणी कसा लागला?" त्यांनी पहिलाच प्रश्न केला.

"मीठ जरा जास्त पडलं," मी म्हणालो.

ते एवढ्या मोठ्यांदा हसले की आमची सोयरीक त्या क्षणाला खरी जुळली असं मी मानतो. लग्नात नुसते हार घातले होते.

जेवणाचं काय सांगू? सकाळी पोहे-चण्यावर तर्री ओतून घेणारा मी, इथे सकाळी समोर पेज आली. ऊन ऊन पातळ भात आणि बाजूला भाजलेला सुका बांगडा. पहिल्या दिवशी वाटलं की घरात कोणाला ताप आला आहे. चौथ्या दिवशी मी दुसऱ्यांदा मागून घेतली. नारळ तर प्रत्येक गोष्टीत. कौसल्या म्हणाली, "आपल्याकडे खोबरं प्रसादापुरतं निघते. हे लोक रोज पूजा करून राहिले." सोलकढीचा गुलाबी रंग पाहून तिने ते सरबत समजून वेलदोडा मागितला, आणि विहीणबाई ताराबाईंनी तो दिलासुद्धा. पाहुण्याला नाही म्हणायचं नाही, अशी तिथली रीत दिसते.

खाडीवर

दुसऱ्या दिवशी वसंत मला खाडीवर गरी टाकायला घेऊन गेला. गावाच्या बाजूला नदी समुद्राला मिळते तिथे हे पाणी. काठावर खडक, पलीकडे झाडी, आणि वर एक घार. मला वाटलं, चला, हे तर आपल्या ओळखीचं. कन्हानच्या काठी रोहूसाठी लावतो तसा मी कणकेचा गोळा मळून आणला होता, थोडा हिंग घालून. तो गरीला लावला, मोरपिसाचा दांडा सोडला आणि बसलो. दांडा ढिम्म हलेना. वसंतने मला बराच वेळ बसू दिलं. मग हळूच सोललेल्या कोळंबीचा तुकडा पुढे केला. "मामाजी, इथले मासे चपात्या नाही खात जी."

कोळंबी लावली आणि दांडा बुडालाच. ओढ अशी की मनगटात कळ गेली. रोहू जड असतो पण इमानदार, सरळ ओढतो. हा मासा खडकाच्या खबदाडीकडे पळत होता. एकदाचा वर आला तेव्हा तांबूस, खवल्यांवर तांब्याची झाक, चांगला हातभर. "तांबोशी," वसंत म्हणाला, "नशीब काढलं तुम्ही." मी खूश. कन्हानवर करतो तसं माशाच्या गालफडातून सुतळी ओवली, काठाशी एक खुंटी ठोकली आणि मासा पाण्यातच बांधून ठेवला, म्हणजे घरी जाईपर्यंत ताजा राहतो. चपला आणि डबाही तिथेच पाण्यालगतच्या खडकावर ठेवला. उन्हाळ्यातली नदी कुठे हलते?

मग मी दुसरी गरी टाकली, ती जावयावर. गुलाबरावांनी जागा धरून ठेवली आहे, मृगाच्या आत कळवायचं आहे, तुझे वडील आता बरे दिसतात, असं सगळं हळूहळू सोडत गेलो. वसंत ऐकत होता. शेवटी बोलला, "मामाजी, मले दोन्ही चालते. बाबांचा खांदा आता ठीक आहे. तिलेच विचारा. ती म्हणन तसं करू."

म्हणजे सगळं सुमीवर होतं. मला आनंदच झाला. पोरगी आमची, ती काय नाही म्हणणार? त्या आनंदात मी खाली पाहिलं तर खडक नव्हता. म्हणजे होता, पण पाण्याखाली. चपला खाडीच्या आत, गावाच्या दिशेने निघाल्या होत्या, एक पुढे एक मागे, आणि त्यांच्या मागोमाग डबा. नदी उलटी वाहत होती! पन्नास वर्षं मी नदीला एकाच बाजूला जाताना पाहिलं आहे. मी नुसता बोट दाखवत उभा राहिलो. वसंत हसत हसत पाण्यात उतरला. डबा सापडला, एक चप्पल सापडली. दुसरी बहुधा अजून फिरते आहे.

आणि तांबोशी? खुंटी कुठे पाण्याखाली गेली ते दिसेना. संध्याकाळी ओहोटीला आम्ही पुन्हा गेलो. खुंटी जागच्या जागी, सुतळी जागच्या जागी, सुतळीला माझ्या माशाचं डोकं, आणि भोवती बसलेले खेकडे. मी गेल्यावर त्यांनी पंगतही मोडली नाही.

दाजीबांनी ते डोकं निरखून पाहिलं आणि म्हणाले, "भरतीची येळ तुमका सांगूक व्हयी होती. आमची चूक." त्यांच्या ओठांच्या कोपऱ्यात हसू होतं, पण शब्द असे की मला लाज वाटू नये.

त्या दिवशी मी सुमीला गाठलं. ती मासे नीट करत होती. मी म्हटलं, "सुमे, तुले काही विचारायचं होतं."

"विचारा न बाबा." मग माझ्या तोंडाकडे पाहून तिचा हात थांबला. "उद्या रापण आहे. आधी दोर ओढू, मंग विचारा."

तिला काय कळायचं ते कळलं होतं, असं मला आता वाटतं.

रापण

ज्यांनी पाहिली नाही त्यांच्यासाठी रापण कशी ते सांगतो. किनाऱ्यावर दोराचं एक टोक माणसांच्या हाती द्यायचं. होडीत जाळ्याचा मोठा ढीग. ती होडी समुद्रात शिरते, जाळं सोडत सोडत मोठा अर्धगोल करते, आणि पुष्कळ लांबवर पुन्हा किनाऱ्याला लागून दोराचं दुसरं टोक तिथल्या माणसांना देते. मग दोन्हीकडून ओढायचं. जाळी आता नायलॉनची आली आहेत, पण दोर काथ्याचा, ओला, आणि हाताला सोलून काढणारा. पाण्याकडे तोंड करून उलट्या पावलांनी मागे मागे जायचं. रांगेतला शेवटचा माणूस दोर सोडतो, चालत पाण्यापाशी जातो आणि पुन्हा पहिला होतो. असं चालूच. घाई नाही, थांबणं नाही.

दाजीबा किनाऱ्यावर उंच जागी उभे होते. त्यांना पाण्याखाली काय दिसत होतं देव जाणे, मला नुसतं पाणी दिसत होतं. त्यांनी हात वर केला आणि होडी वळली.

मी बाजूला उभा राहून पाहत होतो. पाहुणा माणूस. दाजीबांनी मला हाक मारली. "बघता काय पावण्यांनु? दोरयेक हात लावतलो तेचो वाटो. मगे तो नागपूरचो असो नायतर विलायतेचो." म्हणजे रीत अशी की रापणीच्या दोराला ज्याने हात लावला त्याला माशांत हिस्सा. तो कोण, कुठला, कशाला आला, हे विचारायचं नाही.

मी दोर धरला. सायकलच्या चेनने घट्टे पडलेले माझे हात, मला वाटलं यांचं काय बिघडतं. दहा पावलांत कळलं. वर मागे पाहता येत नाही म्हणून दोराच्या वेटोळ्यात पाय अडकून मी एकदा सपशेल उताणा पडलो. कोणी हसलं नाही, कारण कोणाला दोर सोडता येत नव्हता. हसणं त्यांनी नंतरसाठी राखून ठेवलं.

मग पाहतो तर माझ्या पुढे कौसल्या! पदर खोचलेला, चपला कुठे तरी भिरकावलेल्या. "मी का नुसती बसून राहू?" ती मागे न पाहताच म्हणाली. तिच्याही पुढे सुमी. ती दोर ओढत नव्हती, तो तिच्या अंगातून जात होता. कंबर मागे, टाच वाळूत रुतवलेली, आणि शेजारच्या बायकांशी बोलणं सुरू. एक शिकवण मला तिच्याकडून मिळाली. "बाबा, हातानं नका ओढू. पाठीनं ओढा." बापाला असं शिकवायला पोरगी कधी झाली?

ऊन चढलं. तोंडाला कोरड पडली. समोर सगळं पाणीच पाणी आणि घशात वाळू. तेवढ्यात एक बाई कळशी घेऊन रांगेने आली. करवंटीने प्रत्येकाला पाणी देत होती. मी प्यालो, आणि थांबलो. गार पाणी, गोड, आणि त्याला एक वास होता. वाळूचा. हा वास मी ओळखत होतो. उन्हाळ्यात कन्हान आटते तेव्हा आम्ही पात्रातल्या वाळूत खड्डा करतो, पाझरून येतं ते पाणी पितो, झिरा म्हणतो त्याला. नेमका तो वास.

"बाई, विहीर कुठं आहे?" मी विचारलं.

तिला माझं बोलणं गमतीचं वाटलं असावं. "विहीर खंयची हयसर? झिरो तो. नागपूरवाल्या वयनीचो झिरो."

माझा हात दोरावर तसाच राहिला आणि मागच्या माणसाला माझं ओझं ओढावं लागलं.

दाजीबांनी मग सांगितलं. विहिरी सगळ्या घरांकडे, वर. रापणीच्या दिवशी पाणी तिथून वाहून आणायचं, ते पुरायचं नाही. सुमी पहिल्यांदा दोर ओढायला आली आणि तहान लागली तशी गुडघे टेकून वाळू उकरायला बसली. "पयल्या दिसा आमी सगळे हसलंव. दर्याच्या तोंडार गोडा पाणी सोधता म्हणान." पहिला खड्डा पाण्याजवळ केला, खारट निघालं. ती उठून वर गेली, सुरूच्या झाडांपाशी, पुन्हा बसली. लोक दोर ओढता ओढता माना वळवून पाहायला लागले. पाणी आलं. तिने पहिलं पाणी उपसून फेकलं, गाळ बसू दिला, मग ओंजळ भरली. "आनी आमका दिल्यान. आदी आमका, मगे ती प्याली."

खाप्याच्या वाळूत हे तिला मीच शिकवलं होतं. फ्रॉक घातलेली, गुडघे वाळूने भरलेले, इतकीशी होती. पहिलं पाणी फेकायचं, घाई करायची नाही, आणि आधी बाकीच्यांना द्यायचं. चूळ भरून हसं करून घेणारा बाप आणि झिरा खणून हसं करून घेणारी त्याची पोरगी. फरक एवढाच की तिला पाणी लागलं.

हो, डोळे भरून आले. उन्हाने आले असं मी तेव्हा सांगितलं. इथे खोटं कशाला लिहू?

जाळं किनाऱ्याला आलं तेव्हा आधी पाणी चमकायला लागलं, मग आवाज आला, पत्र्यावर पाऊस पडावा तसा. बांगडे, तारले, पेडवे, आणि मधे एखादा मोठा मासा सगळ्यांना ढकलत. वरून पक्ष्यांची धाड. मला कोणी तरी ओरडून बाजूला ओढलं, मी एका जेलीफिशवर पाय ठेवणार होतो. वाचलो.

आता वाट्यांची गंमत. वाळूवर माशांचे ढीग लावतात, जमेल तितके सारखे. होडीचा एक, जाळ्याचे काही, आणि दोर ओढणाऱ्या प्रत्येकाचा एकेक. दाजीबा ढिगांकडे पाठ करून समुद्राकडे तोंड करून उभे राहिले, म्हणजे कोणता ढीग कसा ते त्यांना दिसू नये. दुसरा माणूस एकेका ढिगावर काठी टेकवून विचारतो आणि दाजीबा नाव घेतात.

"ह्यो कोणाचो?"

"होडयेचो."

"ह्यो?"

"वसंताचो."

"ह्यो?"

"सुमनचो."

तिचं नाव वेगळं घेतलं. वसंताच्या बायकोचा नाही, आमच्या सुनेचा नाही, सुमनचा. कौसल्येने माझ्या दंडाला धरलं. पुढे तिचंही नाव आलं आणि माझंही. आम्हा दोघांना समुद्रात हिस्सा मिळाला, इतवारीतल्या किती जणांना मिळाला असेल? मला वाटलं संपलं. एक ढीग उरला होता.

"आनी ह्यो?"

दाजीबा तसेच समुद्राकडे पाहत म्हणाले, "झिऱ्याचो."

होडी वापरली तर होडीला वाटा, जाळं वापरलं तर जाळ्याला, मग झिऱ्याचं पाणी प्यायचं आणि त्याला वाटा नाही असं कसं चालेल? इतकं सरळ होतं ते त्यांच्या लेखी. तो ढीग सुमीचा. तिने त्यातले मासे तिथेच, दोर ओढणं आता न झेपणाऱ्या दोन म्हाताऱ्यांच्या टोपल्यांत टाकले, रोजचंच असल्यासारखं.

घरी कौसल्येने आपल्या वाट्याचे बांगडे स्वतः रांधले. नागपुरी हाताने, सोबत आणलेला काळा मसाला सढळ घालून. ताराबाईंनी पहिला घास घेतला, डोळ्यांतून धार लागली. "ह्यो मसालो काय इस्तो गो?" असं विस्तवाचं नाव काढत त्या पाणी प्यायल्या आणि त्यांनी ताट पुन्हा पुढे केलं. दाजीबा घामाने न्हाले आणि तरी जेवत राहिले. कौसल्या खूप दिवसांनी पातेल्यात न बघता पंगतीकडे बघत होती.

मला वाटलं आता ती विषय काढेल. तिने काढला नाही. मीही काढला नाही.

झिरा

निघायच्या दिवशी सकाळी सुमी मला म्हणाली, "बाबा, चला, झिरा उपसून येऊ. कडेची रेती पडते रोज."

सुरूच्या झाडांखाली माडाच्या विणलेल्या पानांच्या झापाने तो झाकलेला होता. कडेला तळ नसलेली एक जुनी टोपली वाळूत बसवलेली, रेती ढासळू नये म्हणून. आम्ही दोघं गुडघ्यांवर बसलो. मी रेती काढत होतो, ती पाणी उपसत होती. लाटांचा आवाज इतका जवळ, आणि हाताखाली गोड पाणी.

"तुम्ही आल्यापासून काही विचारीन म्हणता, अन् विचारून नाही राहिले," ती म्हणाली.

गुलाबराव, गोदाम, मृग, सगळं माझ्या ओठांवर होतं. मी म्हटलं, "हव. पावसाळ्यात याचं काय होते?"

"झिऱ्याचं? बुजते. दर्या पार इथपर्यंत येते. कुठं होता तेही नाही समजत." तिने झाप नीट बसवला आणि हात झटकले. "नवरात्रात रापण सुरू झाली का पुन्हा काढीन."

मला जे विचारायचं होतं ते विचारून झालं होतं. वाईट वाटलं का? वाटलं, खोल वाटलं. पण पोरगी जिथे बुजलेला झिरा पुन्हा काढण्याचं बोलते तिथून तिला पेटीत घालून कसं आणणार?

घरी आलो तर पेटी उघडी, आणि ताराबाई तिच्यात नारळ रचत होत्या. आमसुलं, सुका बांगडा, फणसपोळी, वर झाकायला माडाची पानं. कौसल्या शेजारी बसून रडत होती आणि रडता रडता नारळ पुढे देत होती. मला पाहून म्हणाली, "पोरीले न्यायले आली होती मी. नारळ घेऊन चालली." मग डोळे पुसून ताराबाईंना म्हणाली, "अजून दोन मावतात वं, घाला."

कोल्हापूरला एक हमाल पुढे आला. मी आधीच सांगितलं, "जपून रे बाबा, जड आहे."

नागपूर

मृग लागायच्या आधीच गुलाबराव दुकानात आले. त्यांना आमच्यातला सुका बांगडा दिला, तो त्यांनी रुमालात बांधून हाताच्या अंतरावर धरला.

"मंग? येऊन राहिला न जावई?"

"तुम्ही जागा भरून टाका," मी म्हटलं.

"काहून गा? काय म्हणते पोरगी?"

"ती नवरात्रात झिरा काढणार आहे म्हणते."

गुलाबरावांनी माझ्या कपाळाला हात लावून पाहिला. मग शेजारच्या रसवंतीवाल्याला हाक मारून त्यांनी माझ्यासाठी कैरीचं पन्हं मागवलं, आणि मी ते पिऊन संपवेपर्यंत ते मला सावलीतून उठू देईनात.